सत्तेचाळिसाव्या पानावरची चूक

कचरागाडी आली, तिचं ते खेळण्यातल्यासारखं गाणं वाजवत तीन मिनिटं गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि निघून गेली. वेंग शी-लिन मात्र हातात बांधलेली पिशवी घेऊन फुटपाथवर तसाच उभा राहिला. समोरच्या जिन्यातल्या ल्याव बाई रिकामी बादली हलवत परत चालल्या होत्या. "अहो वेंग गुरुजी, गाडी गेली की! आता ती पिशवी काय देव्हाऱ्यात ठेवणार?" त्या म्हणाल्या, आणि तो नेहमीसारखा कसनुसा हसला. गुरुजी तो कधीच नव्हता. तैपेईतल्या एका प्रकाशनसंस्थेत त्यानं चौतीस वर्षं मुद्रितं तपासली होती, पण या गल्लीत चष्मा लावून खाली मान घालून चालणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला गुरुजीच म्हणत, आणि आपण गुरुजी नाही हे सांगायचं धैर्य त्याला अकरा वर्षांत झालं नव्हतं. खाली उतरताना त्यानं सवयीनं पत्रपेटी उघडली होती. विजेच्या बिलामागे एक पाकीट होतं. गाडीची वाट पाहता पाहता त्यानं ते फोडलं होतं. एवढंच झालं होतं.

पाकिटात दोन कागद होते. पहिला दक्षिणेकडच्या मिठागरांच्या गावातल्या छ्यु नावाच्या शिक्षिकेचा. शाळेच्या एका खोलीत त्या दुपारी म्हाताऱ्या बायकांचा साक्षरतेचा वर्ग घेत. लहानपणी शाळा न मिळालेल्या अकरा जणी होत्या. यंदा वाचायला त्यांनी त्याची 'शिंपल्यांची वाट' ही मुलांसाठी लिहिलेली कादंबरी निवडली होती. कारण मुलांच्या पुस्तकांत असतात तशा प्रत्येक अक्षराशेजारी उच्चाराच्या बारीक खुणा तिच्यात छापलेल्या आहेत, आणि त्या सदतीस खुणा आल्या की अक्षर ओळखीचं नसलं तरी वाचता येतं. 'वर्गातल्या एका आजींना शंका आहे,' बाईंनी लिहिलं होतं, 'मला उत्तर देता आलं नाही. पत्र स्वतःच्या हातानंच लिहायचं असा त्यांनी हट्ट धरला.' दुसरा कागद चौकटींच्या वहीतून फाडलेला होता. पेन्सिल इतकी दाबून चालवली होती, की मागच्या बाजूनंही बोटाला अक्षरं लागत होती. जी अक्षरं येत नव्हती त्यांच्या जागी नुसत्या खुणा होत्या. 'लेखक महाशय. पान ४७. मुलीचा हात चुलीवर भाजतो. ती ओरडते, आई. पण तिला आई नाही. ती काकूकडे राहते. सगळ्या पुस्तकात ती काकू म्हणते. इथेच आई का? ही छपाईची चूक आहे का? श्याव खिम, दुसरा बाक.'

पिशवी घेऊन तो चार जिने परत चढला. ती दाराशी ठेवावी हेही त्याला सुचलं नाही. पिशवी हातात असतानाच त्यानं कपाटातून पुस्तक काढलं आणि उभ्यानंच पान सत्तेचाळीस उघडलं. होतं. वरून सहावी ओळ. ती ओरडली, 'आई!' गेल्या अठ्ठावीस वर्षांत पुस्तकाच्या चौदा आवृत्त्या निघाल्या होत्या. पहिल्या आवृत्तीची मुद्रितं त्यानं स्वतः तीनदा वाचली होती, एकदा तर उलटीकडून, शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे, कारण अर्थ लागला की डोळे चुका गिळतात हे त्याला धंद्यानं शिकवलं होतं. संपादकांनी वाचलं होतं, बक्षीस देणाऱ्यांनी वाचलं होतं, निदान वाचल्याचं म्हटलं होतं. देशभरातल्या पोरांनी सुट्टीतला अभ्यास म्हणून वाचून त्याला पत्रं लिहिली होती, की मुलगी मेली तेव्हा मी रडले, की तुमचं पुस्तक मला आवडलं पण आईनं वाचायला लावलं. हा शब्द कुणालाच दिसला नव्हता. त्यालाही नाही. आपण तो लिहिला हेच त्याला आठवेना. आणि तो शब्द तिथं का आहे हे जगात चारच माणसांना ठाऊक होतं. त्यांतली दोन वारली होती, तिसरं इथं कचऱ्याची पिशवी धरून उभं होतं, आणि चौथ्याला वाचता येत नाही या भरवशावर तर त्यानं ते सबंध पुस्तक लिहिलं होतं.

लिहिताना त्यानं तसं मनाशी म्हटलं नव्हतं, अर्थात. असं कोण मनाशी म्हणतं? पण आता, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, खुर्चीच्या कडेवर बसून तो स्वतःला विचारत होता, की मोठ्यांसाठी का लिहिलं नाहीस? त्याला वाटायचं, आपल्यात तेवढी ताकद नाही, म्हणून मुलांसाठी. मोठ्यांच्या पुस्तकाला निदान खुणा नसत्या. मुलांचं म्हणून खुणा छापल्या गेल्या, आणि त्या खुणांची शिडी करून ताई बरोबर त्या पानापर्यंत चढून आली. त्या खुणा तिला पहिल्यांदा शिकवल्या होत्या त्यानंच. तो सात वर्षांचा, नुकताच शाळेत जाऊ लागलेला. ती दहाची, कालवं फोडणारी. दारापुढं बायकांच्या रांगेत ठेंगण्या पाटावर बसून ती आखूड सुरीनं शिंपला उघडायची, आतलं कालव टोपात, शिंपला मागे ढिगावर. कालवाच्या शिंपल्याची आतली बाजू दुधासारखी गुळगुळीत असते. शाळेतून आला की तो तिच्या शेजारी उकिडवा बसून तिथं कोळशानं एक खूण काढायचा, ती हातातलं काम न थांबवता तिरप्या नजरेनं बघायची, ओठ हलवायची. "हे काय, विळा?" "विळा नाही ग ताई, 'प' आहे." "दिसतो तर विळा." मग हात पुसून ती स्वतः काढायची आणि शिंपला ढिगावर फेकून द्यायची. रोज एक. अकरा झाल्या होत्या. बारावी शिकवायच्या आत ती गेली.

गेली म्हणजे दिली गेली. कादंबरीत तो हा शब्द चुकवून गेला होता. तिथं मुलगी चुलत्याची, अनाथ, नवव्या प्रकरणात तापानं मरते. खरं म्हणजे त्याच्या बहिणीला आंधळ्या जोशानं घरातल्या घरात आईपासून दूर केलं होतं, ती सात वर्षांची असताना. आई तेव्हा सारखी आजारी. गावात येणाऱ्या त्या भविष्य सांगणाऱ्या आंधळ्यानं घरातल्या सगळ्यांच्या जन्मवेळा बोटांच्या पेरांवर मोजल्या आणि सांगितलं, की ही वाघाच्या वर्षात जन्मलेली पोर आईच्या मुळावर आहे. उपाय सोपा होता, अर्ध्या गावात कुणी ना कुणी तो करतच असे: पोरीनं आईला आई म्हणायचं नाही. काकू म्हणायचं. म्हणजे वर जो कोणी ऐकतो त्याला वाटतं, ही हिची नव्हेच, आणि तो हात आवरता घेतो. त्यालाही असंच, एकुलता मुलगा म्हणून दृष्ट लागू नये यासाठी, घरात डुकऱ्या म्हणत. पण डुकऱ्या म्हटल्यानं त्याचं काही गेलं नव्हतं. तिनं काकू म्हणायला सुरुवात केली तेव्हा तो चार वर्षांचा होता, म्हणजे ती आईला आई म्हणत होती तो काळ त्याला आठवतच नव्हता. त्याच्या लेखी आई त्याची होती आणि ताई काकूकडे राहायची, एकाच घरात. कादंबरीत त्यानं खोटं लिहिलं होतं असंही धड म्हणता येत नव्हतं. सात वर्षांच्या त्याला जसं वाटायचं तसंच त्यानं लिहिलं होतं, एवढंच, आणि चाळिशी ओलांडलेल्या माणसानं तसं लिहिणं याला काय म्हणतात ते त्याला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकाशनसंस्थेतून फोन आला. हल्लीची संपादिका, फान, नातीच्या वयाची, फोनवर सतत काहीतरी खात असलेली. "वेंग सर, पंधराव्या आवृत्तीची पानं शुक्रवारी छपाईला जातायत हं. काही दुरुस्ती?" "सत्तेचाळीस..." तो म्हणाला. "काय?" "नाही, म्हणजे... सत्तेचाळिसाव्या पानावर बहुधा एक शब्द... बघतो मी." ती हसली. "सर, तुमच्या पुस्तकात चूक निघाली ना, तर मी सगळ्या ऑफिसला अननसाचे केक वाटीन. कोणता शब्द? सांगा, आत्ता बदलते." एक शब्द काढायचा, दुसरा घालायचा. आईच्या जागी काकू. ओळीची लांबीसुद्धा बिघडणार नव्हती. आणि मग ते पुस्तक संपूर्ण निर्दोष झालं असतं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखं खोटं, आणि मिठागरांच्या गावी त्यानं अगदी सभ्य पत्र पाठवलं असतं, की आदरणीय आजी, आपलं निरीक्षण अचूक आहे, ती छपाईचीच चूक होय. हे पत्र त्यानं लिहिलंही. दोनदा लिहिलं. दुसऱ्यांदा 'छपाईची' या शब्दाशी त्याचा हात थांबला, कारण खिळे जुळवणाऱ्या माणसांवर आयुष्यभर त्यानं कधी खोटा आळ घेतला नव्हता. "शुक्रवारी सकाळी सांगतो," तो फोनवर म्हणाला होता, आणि गुरुवारी पहाटे दक्षिणेकडच्या गाडीत बसला.

गाडीत शेजारच्या बाईनं त्याला एक सोललेला पेरू दिला. तो त्यानं हातात धरून ठेवला. खिडकीतून मत्स्यतळी दिसायला लागली, त्यांत पाणी उडवत फिरणारी चाकं, आणि त्याला स्वयंपाकघर आठवलं. नेहमी ते त्याला दारातून आठवायचं, कारण त्या दिवशी तो दारात उभा होता, पाटी छातीशी धरून. ताई मोठ्या कढईतली रताळ्याची पेज गाळत होती. आई मागच्या अंगणात, रांजणापाशी. वाफेत ताईला चुलीचं लोखंड दिसलं नाही, तळहात टेकला गेला, आणि ती ओरडली. काकू म्हणून नव्हे. तीन वर्षं त्या घरात तिच्या तोंडून न निघालेला तो शब्द एकदम, मोठ्यानं, मागच्या अंगणापर्यंत. आणि आईनं ओ दिली. 'काय झालं' नाही, 'कोण ओरडतंय' नाही. ती ज्या आवाजात 'ओ' म्हणाली तो आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. त्यानं हाक मारली की आई म्हणायची, "काय रे, काय पाहिजे?" हा आवाज जणू तीन वर्षं तयार होऊन दाराआड उभा होता. ओल्या हातांनी ती धावत आली, ताईचा हात रांजणात बुडवला, आणि दोघी तशाच पाण्याकडे बघत राहिल्या, काय बोललो हे आत्ता कळल्यासारख्या. मग आईनं मान वळवली. दारात तो होता. आई त्याच्याकडे पाहून हसली. लहान, भीतभीत, एखाद्या मोठ्या माणसाकडे पाहून हसावं तसं. ते हसणं त्याला अजून सोसत नाही. आपल्या सात वर्षांच्या पोराला तिनं हात जोडावेत तसं ते हसणं होतं.

आठ दिवस तो गप्प होता. नवव्या दिवशी आईला रक्ताची उलटी झाली. बाबा खाडीवर होते, ओहोटीत उघड्या पडलेल्या बांबूंच्या मांडवाला कालवांच्या माळा बांधत. तो चिखलातून त्यांच्यापर्यंत गेला आणि त्यानं सांगितलं. "ताई तिला आई म्हणाली." बाबांनी दोरी खाली ठेवली. "कधी?" "मागच्या आठवड्यात. हात भाजला तेव्हा." "आणि ती काय म्हणाली? तिनं ओ दिली?" इथं तो थांबला होता. किती वेळ, ते त्याला कधीच ठरवता आलं नाही. कधी वाटतं एक क्षण, कधी वाटतं ओहोटीची भरती झाली. मग त्यानं सांगितलं, "नाही. तिला ऐकू नाही गेलं." आईला वाचवायचं होतं म्हणून. बाबा आईवर रागावू नयेत म्हणून. हे कारण खरं होतं. पण त्याच्या खालीच दुसरं कारण होतं, आणि तेही खरं होतं: ती ओ ताईच्या हिशेबी जायला नको होती. ती झालीच नव्हती असं झालं तर बरं होतं. ही दोन कारणं त्यानं आयुष्यभर वेगळी करून पाहिली. चिखलात रुतलेले पाय काढावेत तसं, एक निघालं की दुसरं आत.

चार दिवसांनी मिठागरावरचं श्याव कुटुंब येऊन तिला घेऊन गेलं, मुलगी म्हणून. निघताना बाबा तिला काय म्हणाले ते त्यानं दाराआडून ऐकलं. "तू ओरडलीस, पण तिनं ओ दिली नाही, म्हणून ती वाचेल. आता तिथं ज्यांना आई म्हणायचं त्यांना म्हण." त्याचं वाक्य बाबांच्या तोंडून तिच्यापर्यंत पोचलं होतं. तिनं काही विचारलं नाही. डुकऱ्याकडे पाहिलंही नाही. हाताला चिंधी बांधलेली होती. आणि आई खरोखरच बरी झाली, यातच सगळं आलं. त्यानंतर ती छत्तीस वर्षं जगली. गाव म्हणालं, बघा. आईसुद्धा म्हणाली असेल मनात, त्यानं कधी विचारलं नाही. आई गेली तेव्हा इथल्या रीतीप्रमाणे सासरहून आलेल्या लेकी गल्लीच्या तोंडापासून गुडघ्यांवर रांगत, आक्रोश करत घरात येतात. तो सुतकाची पांढरी टोपी घालून उंबऱ्याशी उभा होता आणि कान देऊन ऐकत होता. आता तरी. आता आई गेलीच आहे, आता काय बिघडणार. ती पंचेचाळिशी ओलांडलेली, मिठानं हातपाय फाटलेली बाई सिमेंटवरून रांगत आली आणि टाहो फोडून म्हणत होती, "काकू, मी आले ग! काकू!" बायका म्हणाल्या, किती शहाणी, शेवटपर्यंत बोल पाळला. त्याच हिवाळ्यात त्यानं कादंबरी लिहायला घेतली.

शाळा उन्हात रिकामी होती. वर्ग दोनला, तो एकला पोचला. खोलीत लहान मुलांची बाकं, भिंतीवर सदतीस खुणांचा तक्ता, आणि दुसऱ्या बाकावर एक म्हातारी, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल गुंडाळलेली, पेन्सिलीला चाकूनं टोक काढत. कालवाच्याच सुरीनं, हे त्यानं ओळखलं. तिनं वर पाहिलं आणि पुन्हा पेन्सिलीकडे.

"किती वाळलास रे डुकऱ्या," ती म्हणाली. "तैपेईत खायला मिळत नाही का?"

"मिळतं," तो म्हणाला.

"हातात काय ते?"

पेरू होता. काळा पडलेला. त्यानं तो खिशात घालायचा प्रयत्न केला. "दे इकडे," म्हणून तिनं तो घेतला, सुरीनं काळं कापून टाकलं, उरलेल्याचे दोन तुकडे केले, एक त्याला दिला. "बस. त्या बाकावर नको, ते मोडकं आहे, परवा आमची जाडी ताओ त्यावरून पडली. इथं बस."

तो तिच्या शेजारी बसला. गुडघे बाकाखाली मावेनात. तिच्यापुढं पुस्तक होतं, त्याचं, प्लॅस्टिकचं वेष्टण घातलेलं, पान सत्तेचाळिसाशी केसांचा आकडा लावलेला. गाडीत पाठ केलेलं सगळं तो विसरला आणि नुसतं म्हणाला, "ताई, मी सांगितलं होतं बाबांना. तू आई म्हणालीस ते. मी सांगितलं."

ती पेरू चावत होती. चावून झाल्यावर म्हणाली, "ते ठाऊक आहे मला. घरात अजून होतं कोण? ते विचारायला नाही पत्र लिहिलं मी."

बाहेर कुणीतरी सायकल लावली, पुन्हा काढली.

"या बायकांना मी सांगितलेलं नाही, की हे पुस्तक तुझं आहे म्हणजे माझ्या भावाचं आहे," ती म्हणाली. "वेष्टणावर नाव वाचलं ना, वेंग, मग शी, मग लिन, तेव्हा मलाच आधी पटेना. मला वाटायचं तू छापखान्यात झाडू-बिडू मारतोस. मग वाचत वाचत इथवर आलो. बाईंनी तो शब्द वाचला आणि सरळ पुढे गेल्या. मी म्हटलं थांबा. उत्तर आल्याशिवाय पुढं जायचं नाही. दोन आठवडे अडवून धरलाय वर्ग. जाडी ताओ म्हणते, ही मिठागरवाली मास्तरीण झाली." तिनं बोट त्या ओळीखाली ठेवलं. तळहाताच्या कडेला ती जागा अजून वेगळी चमकत होती, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी. "हे बघ. ती ओरडते, आई. मग तू लिहिलंयस, काकू अंगणात होती, तिला ऐकू गेलं नाही. होय ना? मी नीट वाचलं?"

"नीट वाचलंस."

"बाबाही तेच म्हणाले होते." ती थांबली. "माझ्या कानात दुसरंच आहे. पण मी दहा वर्षांची, हात भाजलेला. माणसाला काय वाट्टेल ते ऐकू येतं. सहासष्ट वर्षं मी म्हणते, खिमे, तुला भास झाला. तिकडच्या आईनं हाक मारली की मी ओ द्यायची आणि दर वेळी वाटायचं, ही अशी नव्हती ती ओ. जी झालीच नाही ती कशी होती ते मला कसं ठाऊक? तू दारात होतास. पाटी घेऊन. तू सांग. ही छपाईची चूक आहे का?"

सहासष्ट वर्षं हे त्याच्यापाशी होतं. कुठल्याही लग्नात, कुठल्याही मर्तिकात, पंगतीत शेजारी बसून मासे वाढता वाढता तो हे देऊ शकला असता. एका अक्षराचं होतं.

"दिली," तो म्हणाला. "तिनं ओ दिली. लगेच. तू ओरडलीस आणि तिनं ओ दिली."

ताई सुरी फडक्यात गुंडाळायला लागली. गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मग पेन्सिल त्याच्यापुढे सरकवली.

"लिही."

"ताई, शाळेचं पुस्तक..."

"तुझंच आहे ना? लिही."

त्यानं सहाव्या ओळीत, त्या शब्दानंतर, हंसपदाची बारीक खूण केली, जशी हजारो पानांवर केली होती, समासापर्यंत रेघ ओढली आणि तिथं तो शब्द लिहिला. शेजारी उच्चाराची खूण काढली. ती तिच्या पत्रातल्या खुणांसारखीच दाबून उमटली. तिनं पुस्तक आपल्याकडे ओढलं. बोट ओळीच्या सुरुवातीला नेलं आणि नवशिक्याच्या आवाजात, एकेक अक्षर ओठांनी चाचपत वाचायला लागली: तिचा, हात, चुलीला, लागला. ती, ओरडली. आई. बोट रेघेवरून समासात गेलं. ओ. पुन्हा ओळीच्या सुरुवातीला. तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा समासातला शब्द तिनं वाचला नाही, म्हणाली, आणि तो आवाज ऐकून तो खिडकीकडे बघायला लागला.

"आता बरोबर आहे," ती म्हणाली. रुमालाच्या टोकानं तिनं नाक पुसलं. "पण तू खोटं बोललास, ते मी तुला माफ केलंय असं समजू नकोस. त्याचं मी बघेन अजून. घाई नाही."

"नाही," तो म्हणाला. "घाई नाही."

एकेक करून बायका यायला लागल्या, टोप्या काढत, एकमेकींना टाकून बोलत. मोडक्या बाकावर बसू नये हे जाडी ताओला सगळ्यांनी एकदम सांगितलं. छ्यु बाई दारातच थबकल्या. "हे... वेंग सर?" "हा लेखक?" जाडी ताओ म्हणाली, "अगं बाई, मला वाटलं पुस्तकं लिहिणारे सगळे मेलेले असतात!" खोली हसली, तोही हसला, कसनुसा. फानला उद्या सकाळी फोन करून सांगायचं, सत्तेचाळीस, सहावी ओळ, एक शब्द वाढवा, आणि पुढचं वाक्य काढा. हे त्यानं मनात जुळवून ठेवलं. छपाईला वेळ होता. नव्या पुस्तकांत ते येईल.

"आता अडवत नाही हं बाई," ताई म्हणाली, "उत्तर मिळालं. चला पुढं." आणि मग त्याच्या कानाशी वाकून, पेरूच्या वासाच्या श्वासात, हलक्या आवाजात: "पोर गोड लिहिली आहेस रे. पुढं शाळेत जाते का ती? आम्ही आठवड्याला चार पानं वाचतो, मला रोज वाटतं एकदम शेवटाकडे जाऊन बघावं. पण जात नाही. तू सांगू नकोस हं."

बाईंनी पान अठ्ठेचाळीस उघडायला सांगितलं. अकरा पुस्तकांची पानं एकदम उलटली. तापाचं ते नववं प्रकरण एक्क्याण्णवाव्या पानावर सुरू होतं. चव्वेचाळीस पानं, आठवड्याला चार. तो दुसऱ्या बाकावर, तिच्या शेजारी, गुडघे आखडून बसून राहिला, आणि ताईचं बोट पहिल्या ओळीवर पुढं सरकायला लागलं.